भाकरी किती, भात किती? मधुमेह आणि सीमाभागाचे ताट

बेळगाव-निपाणी पट्ट्यात एखाद्याला मधुमेहाचे निदान झाले की पहिला सल्ला घरातूनच मिळतो : भात सोडा, भाकरी धरा, साखर सोडा, गूळ वापरा. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो आणि त्यातील काही भाग बरोबरही असतो. परंतु भात सोडून वर्ष लोटले तरी तपासणीतील आकडा हलत नाही, असा अनुभव अनेकांना येतो. मग एक तर पथ्यावरचा विश्वास उडतो, नाही तर कुणाच्या तरी सांगण्यावरून गोळ्या बंद करून काढे सुरू होतात. दोन्ही वाटा धोक्याच्या आहेत. आकडा का हलत नाही हे समजून घ्यायचे, तर ताटातील कर्बोदकांचा हिशेब मांडावा लागतो.

हा विषय गोव्यातील वाचकांनाही परका नाही. आपल्या स्वयंपाकघरातील बहुतेक भाजीपाला बेळगावहून घाट उतरून येतो आणि उपचारांसाठी घाट चढून बेळगावला जाणारी कुटुंबेही कमी नाहीत. त्यातच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष गोव्यासाठी गंभीर आहेत. देशात प्रौढांमधील मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के, तर गोव्यात ते २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक आढळले. जवळजवळ दर चार प्रौढांमागे एक, असे हे प्रमाण आहे.

ज्वारीचे गुण आणि मर्यादा

सह्याद्रीला लागून असलेला खानापूरचा आणि बेळगावच्या पश्चिमेचा पट्टा भाताचा. तेथून चिकोडी-निपाणीकडे सरकावे तसा पाऊस कमी होत जातो आणि ताटात ज्वारीची भाकरी येते. ज्वारीत तंतू भरपूर असतात. पांढऱ्या तांदळावरील कोंड्याचा थर कांडपात निघून जातो. ज्वारीचे पीठ मात्र सहसा संपूर्ण दाण्याचे असते. त्यामुळे पोट लवकर भरते आणि पचन सावकाश होते. हे सारे खरे आहे.

मात्र ज्वारी म्हणजे औषध नव्हे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ६८ ग्रॅम कर्बोदके असतात. तेवढ्याच तांदळात ती सुमारे ७८ ग्रॅम आणि गव्हाच्या पिठात सुमारे ६४ ग्रॅम असतात. फरक आहे, पण आपण समजतो तेवढा मोठा नाही. कर्बोदके भाकरीतून आली काय किंवा भातातून आली काय, पचल्यावर त्यांची अखेर ग्लुकोजच होते.

याच देशव्यापी पाहणीतील आहारविषयक निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. भारतीय माणूस दिवसाच्या ऊर्जेपैकी सरासरी ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून घेतो, असे त्यात दिसले. पांढऱ्या तांदळाच्या जागी गव्हाचे किंवा भरडधान्याचे पीठ आणले, पण कर्बोदकांची एकूण मात्रा तीच ठेवली, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला आढळला नाही. कर्बोदकांतील पाच टक्के ऊर्जा कमी करून ती डाळी-कडधान्ये किंवा दूधदुभत्यातील प्रथिनांतून घेणाऱ्यांमध्ये मात्र धोका कमी दिसला. ‘भात सोडला, भाकरी धरली’ एवढ्याने काम का भागत नाही, याचे उत्तर येथे मिळते. धान्य बदलले, भाग तोच राहिला.

हिशेब एका भाकरीचा

आकडेमोड सोपी आहे. ५० ग्रॅम पिठाची भाकरी घेतली तर तिच्यात सुमारे ३४ ग्रॅम कर्बोदके येतात. परातीत थापलेली सीमाभागातील भाकरी पुष्कळदा याहून मोठी असते. ती ६० ग्रॅम पिठाची धरली आणि रात्रीच्या जेवणात तीन भाकऱ्या झाल्या, तर १२० ग्रॅमच्या वर कर्बोदके पोटात गेली. ‘थोडासा भात’ म्हणून शेवटी एक वाटी वाढून घेतली की आणखी २५ ते ३० ग्रॅम. म्हणजे एका जेवणात दीडशे ग्रॅम.

आता दिवसाची बाजू पाहू. बेताचे श्रम करणाऱ्या एखाद्याचा आहार १८०० उष्मांकांचा धरला, तर ६२ टक्क्यांच्या हिशेबाने कर्बोदके होतात सुमारे २८० ग्रॅम. हे प्रमाण ५५ टक्क्यांवर आणले तर होतात सुमारे २५० ग्रॅम. दोहोंतील अंतर ३० ग्रॅमचे, म्हणजे दिवसाकाठी एका लहान भाकरीहूनही कमी! मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांनी कर्बोदके ५० ते ५६ टक्क्यांच्या दरम्यान ठेवावीत, असे याच पाहणीवर आधारित २०२२ च्या अभ्यासाने सुचविले होते. नव्याने निदान झालेल्यांसाठी ही मर्यादा ४९ ते ५४ टक्के अशी होती. अन्न सोडण्याची, उपाशी राहण्याची भाषा यात कुठेही नाही. रोज एक भाकरी कमी करून तिची जागा दुसऱ्या कशाने तरी भरणे, इतका हा बदल आवाक्यातला आहे.

रिकामी जागा कशाने भरायची?

ती जागा भरण्याचे सामान सीमाभागातच पिकते. पावटा, वरणा, मटकी, चवळी, हरभरा ही कडधान्ये येथील रोजच्या जेवणातली. कडधान्यांतही कर्बोदके असतात. पण सोबत प्रथिने आणि तंतू असल्याने ती सावकाश रक्तात उतरतात. अडचण ताटातील मांडणीची आहे. तीन भाकऱ्या आणि तोंडी लावायला पळीभर उसळ, ही मांडणी उलटी करून भरलेली वाटीभर उसळ आणि सोबत एक-दीड भाकरी, असे ताट वाढायला हवे. झुणका, दही, ताक, अंडी यांनाही त्यात जागा आहे. गोव्यातील ताटात मासे आहेतच. तेथे कमी करायचा तो भाताचा ढीग. सोयाबीनचे पीक बेळगाव जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर निघते, पण ते बाजारात जाते, घराघरांतील ताटात क्वचितच येते. ज्वारीच्या पिठात थोडे सोयाबीनचे पीठ मिसळले तरी भाकरीतील प्रथिने वाढतात.

जेवणाला सुरुवात कांदापात, मेथी, मुळा, काकडी अशा कच्च्या भाजीने आणि उसळीने करावी; भाकरी-भात नंतर घ्यावा. या क्रमाने जेवल्यास जेवणानंतरची साखर कमी चढते, असे लहान प्रमाणावरील अभ्यासांत दिसून आले आहे. खर्च काहीच नाही, त्यामुळे करून पाहण्यासारखी ही गोष्ट आहे.

गूळ, चहा आणि एकादशी

हा प्रदेश उसाचा आणि गुऱ्हाळांचा. त्यामुळे गुळाविषयीची श्रद्धा येथे खोल रुजलेली आहे. परंतु गूळ ही मुख्यतः साखरच आहे. त्यातील अल्पस्वल्प खनिजांमुळे रक्तातील ग्लुकोजवर होणारा परिणाम टळत नाही. काकवी आणि उसाचा रस यांनाही हाच न्याय लागू होतो.

चहाचा हिशेब तर कुणी मांडतच नाही. एका लहान चमच्यात चार ते पाच ग्रॅम साखर मावते. दोन चमचे घातलेले पाच कप चहा म्हणजे ४० ते ५० ग्रॅम साखर. भाकरी कमी करून चहा तसाच ठेवला, तर कमावलेले सारे तेथेच निसटते. बेळगावचा कुंदा किंवा मांडे सणावाराला चाखण्यापुरते ठीक. रोजच्या फराळात नकोत.

उपवासाची गोष्ट निराळी नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण मधुमेहींच्या बाबतीत अक्षरशः खरी ठरते. उपवास करायचाच असेल तर दही, ताक, शेंगदाणे यांचा आधार घ्यावा आणि गोळ्यांच्या वेळांबाबत डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे.

कष्ट गेले, भाकऱ्या राहिल्या

तीन भाकऱ्यांचे जेवण कुणी चुकून ठरवलेले नव्हते. दिवसभर शेतात राबणाऱ्या शरीराला तेवढे इंधन लागत असे. आता विहिरीवर विजेचा पंप आला, बांधापर्यंत दुचाकी आली, नांगरट ट्रॅक्टरने होऊ लागली. निपाणी परिसरातील विडी वळणाऱ्या स्त्रियांचे काम तर तासन्‌तास एका जागी बसून करण्याचे. हातांना विसावा नाही आणि पायांना हालचाल नाही, अशी ती स्थिती. श्रमाचे रूप पालटले. ताट मात्र जुन्या मापाचेच राहिले.

स्नायू हलू लागले की ते रक्तातील ग्लुकोज उचलतात आणि त्यासाठी त्यांना इन्सुलिनवर फारसे अवलंबून राहावे लागत नाही. म्हणून जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालणे हा मोलाचा उपाय आहे. आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम असावा, हे सर्वमान्य माप आहे. बैठ्या कामात दर अर्ध्या तासाने उठून तीन मिनिटे हिंडावे. पहाटेचा एक तासाचा फेरफटका झाला, म्हणून उरलेला दिवस बसून काढण्याची मुभा मिळत नाही.

वजनाचाही विचार हवा. ब्रिटनमधील एका गाजलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. तीत काटेकोर आहाराने वजन घटविलेल्या गटातील ४६ टक्के रुग्णांचा मधुमेह वर्षभरानंतर औषधाविना आटोक्यात होता. निदान होऊन सहा वर्षे झालेली नाहीत अशांवर आणि वैद्यकीय देखरेखीखाली ही चाचणी झाली होती, हे मात्र विसरता कामा नये.

औषध चालू असेल तर

येथेच सर्वांत मोठी सावधगिरी हवी. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असताना कर्बोदके एकाएकी कमी केली, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. घाम फुटणे, हात थरथरणे, छाती धडधडणे, बोलणे अडखळणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी लगेच ग्लुकोज किंवा साखरेचे पाणी द्यावे. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडाने काहीही न देता रुग्णालय गाठावे. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी कर्बोदके अगदी तोडल्यास रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो. गर्भवती स्त्रिया आणि मूत्रपिंडाचे विकार असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आहार बदलू नये. आहार सुधारला की औषधाची मात्रा कमी होऊ शकते. पण ती डॉक्टरांनी कमी करायची असते, शेजाऱ्यांनी नव्हे.

आपल्याला किती भाकरी मानवते, हे ठरविण्याचा मार्ग घरातच आहे. जेवणापूर्वी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी ग्लुकोमीटरवर साखर पाहावी आणि दोन्ही आकडे ताटातील जिन्नसांसह वहीत टिपावेत. बहुतेक प्रौढांमध्ये जेवणापूर्वीची साखर ८० ते १३० आणि जेवणानंतरची १८० च्या आत असावी, असे मानले जाते. वय आणि इतर आजार पाहून डॉक्टर हे माप बदलतात. दर तीन महिन्यांनी एचबीए१सी तपासणी करून घ्यावी. पंधरा दिवसांची अशी वही घेऊन डॉक्टरांकडे गेल्यास आहार आणि औषध या दोहोंची मात्रा ठरविणे त्यांनाही सोपे जाते.