पाण्यांत उतरणाऱ्याचा पोशाख

डिसेंबर महिन्यांत सकाळीं मालवणच्या बंदरावरून होड्या निघूं लागतात, तेव्हां जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा पुरता थांबलेला नसतो. समोर कुरटे बेटावर, शिवाजी महाराजांनीं १६६४ सालीं बांधावयास घेतलेला सिंधुदुर्ग उभा असतो. आणि त्याच्या आसपासच्या खडकाळ तळावरील प्रवाळ व रंगीबेरंगी मासे पाहण्यासाठीं मुंबई-पुण्याकडून आलेलीं कुटुंबें होडींत बसलेलीं असतात. होडीच्या एका कोपऱ्यांत काळ्या रबरी पोशाखांचा ढीग असतो. त्यांतून प्रत्येकानें आपल्या मापाचा एक उचलावयाचा आणि अंगांत चढवावयाचा. या पोशाखास वेटसूट म्हणतात, आणि त्याची निवड बहुधा दोन मिनिटांत उरकते. कोणी म्हणतो, 'समुद्र तर कोमट आहे. हवा कशाला हा जामानिमा?' कोणी थंडी वाजूं नये म्हणून ढिगांतला सर्वांत जाड पोशाख शोधतो. एखादी आई 'थोडा सैल असलेला बरा' असें म्हणून मुलासाठीं एका मापानें मोठा पोशाख बाजूला काढते. हीं तिन्ही मतें सद्हेतूचीं असलीं, तरी तिन्ही चुकीचीं आहेत. आणि चूक कोठें होते हें कळण्यासाठीं, पाणी माणसाच्या अंगाशीं कसें वागतें हें आधीं पाहिलें पाहिजे.

मनुष्याच्या शरीराचें आंतील उष्णमान सुमारें ३७ अंश सेंटिग्रेड असतें. मालवणच्या समुद्राचें वरच्या थरांतील पाणी साधारणतः २६ ते ३० अंशांच्या आसपास राहतें. सत्तावीस अंशांची हवा ही सुखद हवा होय. तींत एका सुती सदऱ्यावर मनुष्य दिवसभर आरामांत बसूं शकतो. परंतु सत्तावीस अंशांचें पाणी तितकें दयाळू नाहीं. उष्णता वाहून नेण्याची पाण्याची शक्ति हवेच्या सुमारें चोवीस पट आहे. शिवाय तितक्याच आकारमानाच्या हवेपेक्षां पाणी हजारों पट अधिक उष्णता पोटांत घेऊं शकतें. अंगाला चिकटलेला हवेचा पातळ थर लवकर ऊन होतो आणि तेथेंच थबकून राहतो. पाणी मात्र अंगांतील ऊब घेतें आणि पुढें निघून जातें, कीं त्याच्या जागीं दुसरें थंड पाणी हजर! उघड्या अंगानें स्वस्थ पडून राहणाऱ्या माणसाची ऊब कमी होऊं नये असें वाटत असेल, तर भोंवतालचें पाणी ३३ ते ३५ अंशांचें असावें लागतें. एवढें ऊन पाणी स्नानाच्या घंगाळांत असतें, समुद्रांत नसतें.

म्हणून कोमट वाटणाऱ्या समुद्रांतहि शरीर हळूहळू निवत जातें. प्रथम कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि ऊब आंतच राखण्याचा प्रयत्न होतो. तेवढ्यानें भागलें नाहीं म्हणजे शहारे येतात, मग थरथर सुरू होते. कारण थरथरणें हा स्नायूंना राबवून उष्णता उत्पन्न करण्याचा शरीराचा उपाय आहे. बोटें बधिर होतात, आणि एरवीं सहज होणारें पट्टा सोडण्याचें किंवा कळ दाबण्याचें काम अवघड वाटूं लागतें. जमिनीवर या गोष्टीचें फारसें महत्त्व नाहीं. पाण्याखालीं जेथें श्वास एका नळीवर अवलंबून असतो, तेथें बोटांची चपळाई आणि मनाचा शांतपणा हेंच मोठें संरक्षण असतें.

आतां या पोशाखाची करामत पाहूं गेल्यास ती गोधडीच्या करामतीहून फार निराळी नाहीं. गोधडी स्वतः ऊब निर्माण करीत नाहीं. तिच्या पदरापदरांत अडकलेली हवा माणसाचीच ऊब माणसापाशीं राखून ठेवते. वेटसूट ज्या कृत्रिम रबराचा करतात, त्याला निओप्रीन म्हणतात. हें रबर अमेरिकेंतील ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेंत १९३० सालीं प्रथम तयार झालें. पोशाखासाठीं तें फेसाळ करून घेतात, म्हणजे त्यांत वायूचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे कोंडलेले असतात. हे बुडबुडेच उष्णतेची वाट अडवितात. १९५० नंतरच्या दोन-तीन वर्षांत कॅलिफोर्निया विश्वविद्यालयांतील पदार्थविज्ञानवेत्ते ह्यू ब्रॅडनर यांनीं एक साधी परंतु महत्त्वाची गोष्ट ओळखली : पाणबुड्याचें अंग कोरडें ठेवण्याची गरज नाहीं. पाण्याचा एक पातळ थर आंत आला तरी चालेल. मात्र तो आंतच अडकून राहिला पाहिजे. ऊब राखण्याचें काम रबरांतील बुडबुडे करतात. वेटसूट म्हणजे 'भिजूं देणारा पोशाख' हें नांव त्यामुळेंच सार्थ आहे.

या एका तत्त्वांतून निवडीचा पहिला नियम निघतो : पोशाख अंगाला सर्वत्र बेताचा चिकटला पाहिजे. तो सैल असेल, तर हात हलवितांच काखेंतून, कमरेच्या खळग्यांतून, मानेपाशीं आणि मनगटापाशीं नवें पाणी आंत शिरतें व कोमट झालेलें जुनें पाणी बाहेर ढकललें जातें. अशा पोशाखाचें रबर कितीहि जाड असलें तरी व्यर्थ. खिडक्या उघड्या टाकून जाड भिंतींच्या घरांत शेकोटी पेटविण्यासारखाच तो प्रकार होय. उलट पोशाख फार घट्ट असेल तर छाती पुरती फुगत नाहीं, मान आवळली जाते, आणि प्रथमच पाण्यांत उतरणाऱ्याला आपला श्वास कोंडत आहे असा भास होऊन तो घाबरतो. तपासण्याची रीत सोपी आहे. पोशाख चढवून दोन्ही हात डोक्यावर न्यावे, एकदां उकिडवें बसावें, आणि दोन-चार दीर्घ श्वास घ्यावे. श्वास मोकळा यावा; काख, कंबर व जांघ येथें पोकळ पिशव्या राहूं नयेत; गळ्याशीं पट्टी टेकलेली असावी, पण आवळूं नये. कोरड्यावर किंचित घट्ट वाटणारा पोशाख पाण्यांत बहुधा बरोबर बसतो. कोरड्यावर जो सैल, तो पाण्यांत अधिकच सैल.

दुसरा प्रश्न जाडीचा. तो जमिनीवरील ऋतूवरून सोडवावयाचा नसतो. पाण्याचें उष्णमान आणि पाण्यांत राहण्याचा काळ यांवरून सोडवावयाचा असतो. मालवण-तारकर्लीच्या समुद्रांत थोड्या मीटर खोलीवर काढलेल्या एका फेरीस दोन ते तीन मिलिमीटर जाडीचा पोशाख बहुधा पुरतो. एकाच दिवशीं अनेक वेळां उतरणाऱ्या शिक्षकाला किंवा विद्यार्थ्याला त्याहून जाड पोशाखाची गरज भासूं शकते. कारण प्रत्येक फेरींत गेलेली ऊब पुढच्या फेरीपूर्वीं पुरती भरून येतेच असें नाहीं. गरजेहून जाड पोशाखहि निर्दोष नसतो. बुडबुड्यांमुळें तो तरंगतो. त्यामुळें खालीं जाण्यासाठीं कमरेला शिशाचीं अधिक वजनें बांधावीं लागतात, हालचाल जड होते, आणि होडींत उन्हांत बसलें असतां अंग उकडून निघतें.

हाच हिशेब परदेशच्या थंड समुद्रावर कसा बदलतो हें, ज्या घरांतील मुलेंमुली तिकडे शिकावयास किंवा नोकरीस गेलीं आहेत, त्यांना जाणून घेण्यासारखें आहे. फळीवर उभें राहून लाटेवर स्वार होण्याचा सर्फिंग नांवाचा खेळ तेथें थंडीच्या दिवसांतहि चालतो. सॅन फ्रान्सिस्कोजवळचा समुद्र साधारणतः १० ते १५ अंशांचा असतो. इंग्लंडांतील कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर हिवाळ्याच्या अखेरीस पाणी नऊ-दहा अंशांपर्यंत उतरतें. जॅक ओनील यांनीं १९५२ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें दुकान काढून लाटांवर खेळणाऱ्यांसाठीं असे पोशाख विकण्यास प्रारंभ केला, याचें कारण तेथील पाण्याची हीच थंडी. या पोशाखांवर दोन आंकडे लिहिलेले असतात. 'चार-तीन' याचा अर्थ धडावर चार व हातापायांवर तीन मिलिमीटर जाडी. ज्या हातांनीं पाणी वल्हवावयाचें ते मोकळे राहावे म्हणून तेथें रबर पातळ ठेवितात. पंधरा अंशांच्या आसपास चार-तीनचा पोशाख चालतो; दहा अंशांजवळ पांच-चारचा पोशाख आणि त्याच्या जोडीला टोपी, हातमोजे व पायमोजेहि लागतात. मालवणास उत्तम ठरलेला पोशाख तेथें केवळ नांवाचा पोशाख होय.

सर्फिंग करणाऱ्याला आणखी एक शत्रु असतो, तो म्हणजे वारा. तो निम्मा वेळ पाण्याबाहेर असतो, आणि ओल्या कापडावरून वारा वाहूं लागला कीं पाण्याची वाफ होतांना ती अंगांतील उष्णता घेऊन जाते. माठांतील पाणी ज्या रीतीनें गार होतें, त्याच रीतीनें ओला माणूसहि गार होतो. यासाठीं थंड प्रदेशांतील कित्येक पोशाखांना छातीवर व पाठीवर गुळगुळीत रबर ठेवलेलें असतें. त्यावर पाणी ठरत नाहीं. शिवणीचाहि विचार तेथें करावा लागतो. साध्या आरपार शिवणीच्या भोकांतून पाणी झिरपतें. तें कोमट समुद्रांत चालून जातें. थंड समुद्रासाठीं मात्र कडा डिंकानें चिकटवून, सुई आरपार न नेतां घातलेली शिवण पाहून घ्यावी. मालवणलाहि वाऱ्याचा हा धडा लागू पडतो. पाण्यांत न कुडकुडलेला मनुष्य परतीच्या होडींत कुडकुडतो तो यामुळेंच. म्हणून कोरडा पंचा आणि वाऱ्यास अडविणारें एखादें वस्त्र होडींत जवळ असावें.

तिसरी गोष्ट खोलीची. समुद्रांत दर दहा मीटरांस एका वातावरणाइतका दाब वाढतो. त्यामुळें दहा मीटरांवर कोंडलेल्या वायूचें आकारमान सुमारें निम्मे होतें, आणि वीस मीटरांवर तिसरा हिस्सा उरतो. पोशाखांतील बुडबुड्यांचीहि तीच गत होते. किनाऱ्याजवळ थोड्या खोलीवर ही गोष्ट जाणवत नाहीं. विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारें शंभर किलोमीटरांवर, कान्होजी आंग्रे यांच्या नांवानें ओळखली जाणारी आंग्रिया बँक ही पाण्याखालील प्रवाळभूमि आहे. तिचा माथाच सुमारें वीस मीटर खोल आहे. तेथें उतरणाऱ्याचा पोशाख जेथें ऊब सर्वांत अधिक हवी तेथेंच पातळ होतो, आणि त्याची तरंगण्याची शक्तीहि घटते. म्हणून पोशाखाचा आंकडा होडींत वाचावयाचा असला, तरी त्याचा हिशेब तळाशीं मांडावयाचा असतो.

पोशाखाचा दुय्यम उपयोगहि लहान नाहीं. ऊन, जेलीफिशचा दंश आणि खडकाचें खरचटणें यांपासून तो अंगाचें रक्षण करतो. परंतु अंग झांकलेलें आहे म्हणून प्रवाळावर पाय ठेवण्याची मोकळीक मिळत नाहीं. मालवणचा हा टापू १९८७ सालीं सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला आहे, आणि प्रवाळाला असा पोशाख नाहीं.

शेवटीं त्या आईकडे आणि तिच्या मुलाकडे वळलें पाहिजे, कारण या सर्व विवेचनाचें खरें मोल तेथेंच आहे. मुलाचें वजन कमी, परंतु त्या वजनाच्या मानानें त्याच्या कातडीचें क्षेत्र मोठ्या माणसाहून अधिक असतें. म्हणून तें लवकर निवतें. सडपातळ मुलाच्या अंगीं ऊब राखणारी चरबीहि थोडी. तेव्हां सैल पोशाखाचा तोटा सर्वांत अधिक कोणास होत असेल तर तो मुलास. 'पुढच्या वर्षीं उपयोगी पडेल' हा विचार शाळेच्या गणवेशाला शोभतो, वेटसूटला शोभत नाहीं. मूल मजेच्या भरांत थंडी वाजते असें सांगत नाहीं. त्याचे ओठ निळसर दिसूं लागले, तें एकाएकीं गप्प झालें किंवा थरथरूं लागलें, तर आणखी पांच मिनिटांचा आग्रह न धरतां त्याला वर काढावें, ओला पोशाख उतरवून अंग पुसावें व कोरड्या कपड्यांत गुंडाळावें. ढिगांत त्याच्या मापाचा पोशाख नसेल, तर दुसरी होडी किंवा दुसरा दिवस पाहावा. समुद्रांतील मासे उद्यांहि तेथेंच असतील.