टाइलवरचे पान

शिरोली एमआयडीसीतील एका ओतशाळेत माझा एक जुना विद्यार्थी काम करतो. त्याला भेटून परतताना वाटेत जुन्या घरांचे सामान विकणारे एक दुकान लागले. दारे-खिडक्यांच्या ढिगात मला सहा इंची चौकोनी हिरवी टाइल दिसली. तिच्यावर उठावाचे एक पान होते. नवल असे की, पानाच्या शिरा फिक्या, तर शिरांमधला भाग गर्द हिरवा. मग कारागिराने दोन हिरवे रंग वापरले होते का?

घरी एक प्रयोग करा. पांढऱ्या बशीत थोडा कोरा चहा घ्या आणि बशी किंचित कलती करा. चहा उथळ आहे तेथे फिका, खोल आहे तेथे गडद दिसेल. चहा मात्र एकच!

टाइलवरची झिलई म्हणजे काचेचा पातळ थर. त्यात तांब्याचे ऑक्साइड मिसळले की हिरवा रंग येतो, कोबाल्टचे मिसळले की निळा. भट्टीत झिलई वितळते, उंचवट्यांवरून ओघळते आणि खळग्यांत साचते. प्रकाश या थरातून आत जातो आणि खालच्या फिक्या मातीवरून परत येतो. समजा, एका थरातून तांबडा प्रकाश निम्माच पार होतो. मग दुप्पट थरातून चौथाई आणि तिप्पट थरातून एक-अष्टमांशच पार होईल. म्हणून खळगे गर्द दिसतात.

ओल्या मातीची टाइल वाळताना आकसते, वाकडी होते. यावरचा उपाय इंग्लंडमध्ये रिचर्ड प्रॉसर याने शोधला. जवळजवळ कोरड्या मातीची भुकटी धातूच्या साच्यात जोराने दाबायची! त्याने १८४० साली याचे पेटंट घेतले. हर्बर्ट मिंटन याने ही रीत टाइलसाठी वापरली. शिरोलीच्या ओतशाळांतही ओलसर वाळू दाबूनच साचा करतात आणि लोखंड थंड होताना आकसते म्हणून नमुना किंचित मोठा ठेवतात. मिंटनच्या कारखान्यातील टाइल मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात पाहायला मिळतात. ते १८७२ साली खुले झाले.

माझ्या टाइलच्या पाठीवर जुना चुना चिकटला होता. आम्लाने तो चटकन निघाला असता. पण अशा जुन्या झिलईत बहुधा शिसे असते. शिशामुळे वक्रीभवन वाढून चकाकी येते, परंतु शिसे विषारी आहे. झिलई लावणाऱ्या कित्येक कामगारांना त्याची विषबाधा झाली. आम्ल झिलईतले शिसे विरघळवते. म्हणून अशी टाइल घासू नये, कापू नये आणि हाताळल्यावर हात धुवावेत. मी ओल्या फडक्याने आणि लाकडी काडीने चुना हळूहळू काढला.

१८४२ ते १८८३ या काळात ब्रिटनमध्ये नोंदलेल्या नक्षीच्या वस्तूंवर चौकटच्या आकाराची खूण असे. माझ्या टाइलवर ना खूण, ना नाव. चुना घट्ट धरावा म्हणून केलेल्या खाचा तेवढ्या होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी जपानमधूनही अशा टाइल भारतात येत. मग ही कुठली? तिचे घर कळते, तर बांधकामाच्या सालावरून काही अंदाज आला असता. मी दुकानदाराला विचारले. तो म्हणाला, "सर, गाडीभर माल येतोय. कुठल्या वाड्याचा, कसं ध्यानात राहणार?"

म्हणून तुम्हांला अशा टाइल जमवायच्या असतील, तर आधी वही घ्या. उभ्या भिंतीतली टाइल काढू नका. तिचे माप, नक्षी, घर आणि गाव लिहून ठेवा. घर पाडले जात असेल, तर मालकाच्या परवानगीने एखादी मागा. माझ्या वहीत त्या पानाच्या चित्रापुढे गावाची जागा अजून कोरीच आहे.