नदीकाठच्या जुन्या वाड्यात लग्न करायचंय? इसार देण्याआधी एवढं बघा

वाई : मंगल कार्यालयाऐवजी नदीकाठचा जुना वाडा, घाटाशेजारी मांडव, असं लग्न आता गावाकडच्या पोरापोरींनाही हवंसं वाटतं. पण मोबाईलवर फोटो बघून इसार दिला जातो आणि अडचणी ऐन लग्नात कळतात.

अशी जागा कशी असते, हे वाईजवळच्या मेणवलीत दिसतं. नाना फडणवीसांचा (१७४२-१८००) वाडा, मागे कृष्णेचा दगडी घाट, मेणेश्वराचं देऊळ आणि वसईच्या १७३९ च्या विजयानंतर आणलेली पोर्तुगीज घंटा. 'स्वदेस' सिनेमाचं चित्रीकरणही इथं झालं. दिसायला देखणं, पण अशा कुठल्याही जागी वऱ्हाड उतरवायचं तर आधी चौकशी हवी.

मालक कोण?
जुन्या वाड्याला भाऊबंद बरेच. एकानं इसार घेतला आणि दुसरा आडवा आला, तर मांडव उभा राहत नाही. घाट आणि देऊळ बऱ्याचदा देवस्थानाचं किंवा गावाचं असतं, त्यांची परवानगी वेगळी. वाडा संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी लागते.

पाणी
मेणवलीच्या वरच्या अंगाला धोम धरण आहे. धरणाखालच्या गावात पाऊस नसतानाही विसर्गानं नदी चढू शकते. तारीख धरण्याआधी पाटबंधारे कार्यालयात विचारा. खालच्या पायऱ्यांवर मांडव नको, तिथं शेवाळ असतं. पोरांवर लक्ष ठेवायला पोहता येणारी दोन माणसं नेमा.

आग आणि मधमाश्या
वाड्यात सगळं लाकूड. आचाऱ्याची चूल बाहेर, मोकळ्या जागेत लावा. फटाके नकोतच. माडीवर गर्दी चढवू नका, जुन्या तुळया किती भार घेतील सांगता येत नाही. वळचणीला किंवा घाटावरच्या झाडाला आग्या मोहोळ आहे का ते बघा. धुरानं माश्या उठल्या तर पळापळ होते.

खर्चाचा हिशोब
वाड्याचं भाडं कमी वाटतं. पण जनरेटर, पाण्याचे टँकर, तात्पुरते संडास, दिवे, गाड्या लावायला शेजारचं रान, हे सगळं वेगळं. बेरीज केली की कधी कधी कार्यालय स्वस्त पडतं. रात्री १० नंतर लाऊडस्पीकर बंद ठेवावा लागतो, म्हणून वरातीची वेळ आधीच ठरवा. खरकटं आणि पत्रावळ्या नदीत टाकू नका, खालच्या गावाचं पिण्याचं पाणी तेच असतं.

इसाराची पावती घ्या. लग्न पुरामुळं पुढं गेलं तर पैसे परत मिळणार का, हेही तिच्यावर लिहून घ्या. आणि पैसे देण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा तिथं घेऊन जा. त्यांना पायऱ्या चढता आल्या, बसायला सावली मिळाली, संडास जवळ सापडला, तर जागा पाहुण्यांनाही सोयीची आहे असं समजा.