अरणगाव, ग्रिड आणि ‘मॅट्रिक्स’

नगर-दौंड रस्त्यावर, शहरापासून नऊएक किलोमीटरवर अरणगाव. तिथल्या मेहेराबादच्या टेकडीवर मेहेरबाबांची समाधी आहे. १० जुलै १९२५ पासून ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवेपर्यंत बाबा बोलले नाहीत. दिसणारं जग स्वप्नवत आहे, हे त्यांनी आधी अक्षरांच्या फळीवर बोट फिरवत आणि पुढे खुणांनी सांगितलं.

इंग्लंडमधल्या ‘द हू’ या बँडचा पीट टाउनशेंड हा त्यांचा भक्त. १९७१ च्या सुमारास तो ‘लाइफहाउस’ ही विज्ञानकथा रचत होता. हवा नासलेली, माणसं घरात कोंडलेली, अंगात खास पोशाख आणि त्याला जोडलेली ‘ग्रिड’ ही यंत्रणा. जगण्याचे सारे अनुभव तिच्यातूनच यायचे. इंटरनेट घरोघरी यायला तेव्हा दोन दशकं अवकाश होता! प्रकल्प कोसळला, पण गाणी उरली. त्यांतल्या ‘बाबा ओ’रायली’मधले बाबा म्हणजे आपले अरणगावचेच, ‘रायली’ आला तो संगीतकार टेरी रायली यांच्यावरून. बाबांची माहिती सिंथेसायझरला पुरवून सूर काढायचे, अशी मूळ कल्पना होती. प्रत्यक्षात सुरुवातीची ती गरगरती स्वरमाला लोवरी ऑर्गनवर वाजली.

मार्च १९९९ मध्ये दिग्दर्शक वाचोव्स्की भावंडांचा ‘मॅट्रिक्स’ हा चित्रपट आला. यंत्रांना ऊर्जा पुरवत निजलेली माणसं आणि त्यांच्या मेंदूत ओतलेलं संगणकाचं जग. या दोन कथांत थेट देवघेव झाली असं म्हणायचं कारण नाही. मायेचा प्रश्न त्याहून कितीतरी जुना. मालिकेतल्या तिसऱ्या चित्रपटाच्या संगीतात तर उपनिषदातलं संस्कृत वचनच गायलं आहे.

नवं होतं ते दाखवणं. धावता घोडा टिपण्यासाठी छायाचित्रकार मायब्रिजनं १८७८ मध्ये १२ कॅमेरे ओळीनं मांडले होते. ‘मॅट्रिक्स’मध्ये नटाभोवती सुमारे १२० कॅमेऱ्यांचं कडं उभं राहिलं. ते क्षणाक्षणाच्या फरकानं टिपत गेले आणि दोन चित्रांमधल्या जागा संगणकानं भरल्या. खेळाच्या प्रक्षेपणात खेळाडू मधेच थिजतो आणि आपण त्याला प्रदक्षिणा घालून येतो, ती युक्ती याच घराण्यातली.

मेंदूला जोडलेली तार मात्र आज बहुतेक उलट्या दिशेनं, मेंदूकडून बाहेर, चालते. २००४ च्या ‘ब्रेनगेट’ चाचणीत हातपाय निकामी झालेल्या एका तरुणानं मेंदूतल्या इलेक्ट्रोडच्या आधारे, नुसत्या विचारानं कर्सर हलवला. आत काही पोचवायचं तर कॉक्लियर इम्प्लांट श्रवणतंतूपर्यंत आवाज नेतं. अख्खं जग ओतणं फार दूर आहे.

‘मॅट्रिक्स’च्याच वर्षी, डिसेंबरात, ‘लाइफहाउस’ बीबीसीवर नभोनाट्य होऊन अखेर श्रोत्यांपुढे आलं. ‘मॅट्रिक्स’चा नायक निओ लढून बाहेर पडतो. टाउनशेंडनं वाट ठेवली होती संगीताची: प्रत्येकाचा आपला सूर, आणि सगळे मिळून एक नाद.