दिवाळीनंतरची शाळा

कार्तिकात कौंडण्यपुरास यात्रा भरते आणि वर्धेच्या घाटावर माणसांची दाटी होते. त्याच सुमारास भोवतालच्या शिवारात कापूस फुटलेला असतो व शाळांचे वर्ग विरळ होऊ लागतात. यात्रेची गर्दी सर्वांस दिसते. वर्गातील रिकाम्या जागा फारशा कोणाच्या नजरेस येत नाहीत. म्हणून तिजविषयी आज आम्ही लिहीत आहो.

विदर्भातील शाळा उन्हाच्या तापामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात. त्या दिवशी तोरणे लागतात, नव्या मुलांस फुले व पुस्तके मिळतात, पुढारी भाषणे करून जातात. ह्या समारंभास आमची हरकत नाही. परंतु एका दिवसात उधळलेला उत्साह एप्रिलपर्यंत पुरावा कसा? ह्याच गावाहून रुक्मिणीमातेची पालखी पंढरपुरास जाते. १५९४ पासूनची ही परंपरा असे सांगतात. एवढा लांबचा पल्ला ती गाठते, कारण रोजचा मुक्काम ठरलेला असतो व त्या मुक्कामी वाट पाहणारी माणसे असतात. शाळेस मात्र निघण्याचा दिवस व परीक्षेचा दिवस एवढेच ठाऊक; मधल्या वाटेवर कोणी पाणीही विचारीत नाही.

वेचणीची मजुरी किलोवर मिळते. ज्या घरी हात अधिक, त्या घरी पैसे अधिक. तेव्हा आईबापांस नुसता बोल लावून काय होणार? मूल पंधरा दिवस शेतात राहते, तोवर वर्ग भागाकाराच्या पुढे गेलेला असतो. परत आल्यावर त्यास काही उमगत नाही, चारचौघांत लाज वाटते, आणि मग शेतातले काम संपले तरी ते शाळेत येईनासे होते. यास आळस म्हणणे अन्याय होय. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीस वर्षाचे किमान २०० व सहावी ते आठवीस २२० कामाचे दिवस ठरवून दिले. पण ते शाळेचे दिवस झाले, मुलाचे नव्हेत.

शिक्षकांची कथा वेगळी नाही. त्याच कायद्याने जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका यांखेरीज शिक्षणेतर काम शिक्षकांवर लादू नये असे म्हटले आहे. तरी तक्ते व माहित्या भरण्यात जो दिवस जातो, तो कोणत्या सदरात घालावा, हे अधिकाऱ्यांनीच सांगावे. थकलेल्या माणसाकडून उल्हास मागणे म्हणजे आटलेल्या विहिरीस मोट लावणे.

साने गुरुजी १९२४ ते १९३० पर्यंत अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. छात्रालयातील मुलांसाठी ते स्वहस्ते एक दैनिक लिहून काढीत. त्यास ना अनुदान लागले, ना परिपत्रक. उद्या काय वाचावयास मिळेल, ही उत्सुकता मुलांत राही, आणि लिहिणाऱ्याचे मनही ताजे राहत असले पाहिजे. खेड्यातल्या शाळेस एक फळा व एक खडू यांत असे काही करता येणार नाही काय?

नदीपलीकडे वर्धा जिल्हा. तेथे १९३७ साली भरलेल्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण देण्याचा विचार मांडला. तो सारा आज उचलावा असे आमचे म्हणणे नाही. सूतकताईच्या सक्तीने मुले कंटाळतील, हेही आम्ही जाणतो. पण कापूस ज्यांच्या घरी आहे, त्यांच्या वर्गात तो का नसावा? एका क्विंटलातून सुमारे तिसरा हिस्सा रुई निघते, उरलेली बहुतेक सरकी. या एका व्यवहारात त्रैराशिक, शेकडेवारी व बाजारभाव सारेच येते.

येथे आमचे बोलणे तिवसा व आर्वीच्या व्यापारी बंधूंशी आहे. त्यांनी हंगामात एक दिवस काटा घेऊन शाळेत जावे व मुलांस वजन, आडत व हिशेब स्वतः समजावून द्यावा. दुसरे, प्रत्येक शाळेमागे गावातील एका शिकलेल्या तरुणास मार्गशीर्ष व पौष हे दोन महिने मानधन द्यावे; वेचणीवरून परतलेल्या मुलांस सुटलेला भाग त्याने सायंकाळी शिकवावा. तेवढाच शिक्षकांचा भारही हलका होईल. कार्तिकी यात्रेस ही मंडळी घाटावर एकत्र येतातच. वर्गणीची यादी तेथेच घालावी.