पाण्यावरचें घर

संस्कृतांत ‘जीवन’ ह्या शब्दाचा एक अर्थ पाणी असा आहे, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. अलीकडे कांहीं लोकांनीं पाण्यावरच संसार थाटण्याचा प्रयोग आरंभिला आहे. हॉलंडांत आम्स्टरडॅम शहरीं तरंगत्या घरांच्या वसाहती झाल्या आहेत. पाणी चढलें तर घरही चढावें, अशी त्यांची रचना. ‘आपल्याकडे असें कां होऊं नये?’ असें तरुण मंडळी विचारूं लागली आहेत. आमच्या घरीं हा विषय निघाला, तेव्हां गृहिणीनें प्रथम एवढेंच विचारिलें, ‘मोरीचें पाणी कोठें जायचें?’

प्रश्न साधा, पण मर्मावर बोट ठेवणारा आहे. मणिपुरांतील लोकटाक सरोवरांत फुमदी नांवाचे गवतामुळांचे तरंगते थर आहेत. त्यांवर कोळी लोक झोपड्या बांधून राहत. सरोवर बिघडतें ह्या कारणावरून २०११ सालीं सरकारनें शेंकडों झोपड्या हटविल्या. १९८३ सालच्या इथाई बंधाऱ्यानेंही त्या सरोवराची प्रकृति पालटली होती. तेव्हां सारा दोष त्या गरिबांचा, असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु पाण्यावर राहणाऱ्यास पाणी निर्मळ राखणें चुकत नाहीं, हें उघड आहे.

दुसरी अडचण आपल्या नद्यांच्या स्वभावाची. श्रावणांत दुथडी भरणारें पात्र चैत्रांत उघडें पडतें. भीमेवरील उजनीच्या जलाशयांतही पाणी एका पातळीस राहत नाहीं; पळसदेवचें बुडालेलें देवालय उन्हाळ्यांत ओसरत्या पाण्यांतून वर येतें. अशा ठिकाणीं तरंगतें घर वैशाखांत चिखलांत रुतून बसावयाचें!

मग नदीशीं नांदावें कसें? शिरूर तालुक्यांत घोड नदीकांठीं इनामगांव आहे. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी प्रभृति विद्वानांनीं तेथें १९६८ ते १९८३ ह्या काळांत उत्खनन केलें. इ. स. पूर्वीं सुमारें १६०० ते ७०० पर्यंत तेथें शेतकऱ्यांची वस्ती होती. पुराचें पाणी वळविण्यासाठीं त्यांनीं दगडामातीचा बांध घातला आणि सुमारें २०० मीटर लांबीचा कालवा खणिला. हें एकट्यादुकट्या कुटुंबाचें काम नव्हे. त्यास सारें गांव राबलें असलें पाहिजे.

पुढें पाऊस कमी झाला, असें उत्खनकांचें मत आहे. इ. स. पूर्व १००० नंतर ऐसपैस चौकोनी घरें जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती मागें पडून शिकार व गुरें ह्यांवर भिस्त वाढली, आणि अखेर गांव उजाड झालें. पाणी राखणाऱ्यांवरही अशी पाळी आली. मग तें सांडणाऱ्यांची काय कथा?

तरंगत्या घराचा प्रयोग ज्यांस करणें असेल, त्यांनीं अवश्य करावा. आम्ही मात्र मृगापूर्वीं आपल्या पन्हळाचें पाणी विहिरीकडे वळविण्याचें ठरविलें आहे. वाचकांनींही शेजाऱ्यांस हातीं धरून तेवढें करावें, ही विनंति.