बोलेट शोधताय? आधी वर बघा

पावसाळा मध्यावर आला की अळंबीबद्दल विचारणा सुरू होते आणि बहुतेकांना एकच जाणून घ्यायचे असते : हे खाल्ले तर चालेल का? यंदा घोडेगावहून आलेला प्रश्न निराळा निघाला. या वाचकाने इटलीच्या रानात ‘पोर्चिनी’ ही बोलेट प्रकारची अळंबी वेचणाऱ्यांचा व्हिडिओ पाहिला होता. तपकिरी फुगीर टोपी, गुटगुटीत दांडा, टोपल्या भरून माल आणि बाजारात त्याला मिळणारा भाव. त्यांचे म्हणणे असे, की आहुपे, भीमाशंकर, दुर्गवाडी, नाणेघाट एवढे ओले रान आपल्याकडे आहे, पाऊसही घाटमाथ्यावर धो धो कोसळतो. मग हा बोलेट आपल्याकडे नेमका कुठे बघायचा?

आधी वर बघायचे. बोलेट उगवतो जमिनीतून, पण तो तिथे उगवणार की नाही हे बहुतेक वेळा डोक्यावरच्या झाडावर ठरते. त्या झाडाकडे वळण्याआधी बोलेट ओळखायचा कसा ते पाहू.

नेहमीच्या अळंबीची छत्री उलटी केली की दांड्यापासून कडेपर्यंत गेलेले पातळ पापुद्रे दिसतात. बोलेटला पापुद्रे नसतात, जाळी असते आणि ती पाहून मला तरी दिवाळीतल्या अनारशाखेरीज दुसरे काही आठवत नाही. अनारसा जमला की फसला हे घरातली जाणती बाई चव न घेता, नुसत्या जाळीवरून सांगते. बोलेटचाही निम्मा निकाल असाच लागतो. भोके बारीक की मोठी, गोल की कोनदार, पांढरी, पिवळी की लालसर, बोटाने दाबल्यावर रंग बदलतो की नाही, हे सारे बघायचे. साम्य मात्र वरवरचेच. अनारशाची जाळी तुपात तळताना वाफ बाहेर पडून होते. इथे प्रत्येक भोक म्हणजे एका उभ्या नळीचे तोंड असते. नळीच्या आतल्या भिंतीवर बीजाणू धरतात आणि तिथून सरळ खाली गळतात. ताज्या बोलेटची ही जाळी अंगठ्याने हलकेच ढकलली, तर टोपीच्या गरापासून थरच्या थर सुटून येतो.

ही अंगठ्याची परीक्षा आपल्याकडे फार कामाची आहे. कारण जुन्नर-आंबेगावच्या रानात खालून भोके असलेले जे काही हाती लागते, ते बहुतेक वेळा पॉलिपोर असते. तो पडलेल्या ओंडक्यावर किंवा जुन्या खोडावर येतो, चिवट असतो, पुढे लाकडासारखा कडक होतो आणि त्याची जाळी काही केल्या सुटत नाही. मऊ गर, मधोमध दांडा आणि सुटणारी जाळी अशी तिन्ही लक्षणे एकत्र असतील, तरच बोलेटचा विचार करावा.

दुसरी प्रसिद्ध खूण निळ्या रंगाची. काही बोलेट चिरले, की पिवळा गर बघता बघता शाईसारखा निळा होतो. व्हेरिगॅटिक आम्लासारखी द्रव्ये हवेतल्या ऑक्सिजनला भेटतात, त्याचा हा परिणाम. ‘निळा झाला म्हणजे विषारी’ ही समजूत जगभर आहे आणि ती दोन्ही बाजूंनी खोटी आहे : निळे पडणारे कित्येक बोलेट लोक चवीने खातात आणि निळे न पडणारे काही बाधतात. चीनच्या युन्नान प्रांतातला एक निळा पडणारा बोलेट नीट शिजवला तर उत्तम लागतो, कच्चा राहिला तर खाणाऱ्याला इवली इवली माणसे दिसू लागतात, असे तिथले डॉक्टर सांगतात. जुलै २०२३ मध्ये अमेरिकेच्या तत्कालीन अर्थमंत्री जॅनेट येलेन यांनी बीजिंगच्या एका उपाहारगृहात तो खाल्ला आणि जगभर बातमी झाली. त्यांना काही दिसले नाही. स्वयंपाकी चांगला असावा.

आता झाडाकडे. ही गोष्ट सांगताना पाठ्यपुस्तके जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बर्ट बर्नहार्ड फ्रँक यांच्यापासून सुरुवात करतात. प्रशियाच्या सरकारला ट्रफल या महागड्या कवकाची लागवड करून हवी होती. ते काम फ्रँकांकडे आले. ट्रफलची शेती काही त्यांना साधली नाही. पण मुळे तपासताना त्यांच्या लक्षात आले, की जंगलातल्या झाडांची बारीक मुळे कवकाच्या आवरणात पूर्ण गुंडाळलेली असतात आणि तरीही झाड ठणठणीत असते. १८८५ मध्ये त्यांनी या जोडीला ‘मायकोरायझा’ हे नाव दिले. बाकीच्यांनी बरीच वर्षे त्यांना वेड्यात काढले, कारण मुळावर बुरशी म्हणजे रोग, एवढेच तेव्हा सगळ्यांना ठाऊक होते.

माझा जीव मात्र फ्रँक यांच्या आधीच्या एका माणसात अडकलेला आहे. त्याचे नाव फ्रांचिशेक कामिएन्स्की. या पोलिश वनस्पतिशास्त्रज्ञाने मोनोट्रोपा नावाची एक विचित्र वनस्पती अभ्यासाला घेतली. तिच्यात हरितद्रव्य नसते, म्हणजे स्वतःचे अन्न ती करू शकत नाही. ती शेजारच्या झाडाच्या मुळांत तोंड खुपसून रस ओढत असणार, असे सगळे धरून चालले होते. कामिएन्स्कींनी मुळे धुऊन, कापून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. झाडाच्या मुळात शिरलेला एकही धागा मिळाला नाही. मोनोट्रोपाचे प्रत्येक मूळ मात्र कवकाने मढवलेले होते आणि तसेच कवक आसपासच्या झाडांच्या मुळांवरही होते. त्यांनी निष्कर्ष काढला, की वनस्पतीला अन्न मिळते ते कवकाकरवी. हे त्यांनी छापले १८८१-८२ मध्ये, म्हणजे फ्रँक यांच्या तीन-चार वर्षे आधी. नाव त्यांनी दिले नाही, आणि विज्ञानात बारसे करणाऱ्याचे नाव राहते. १९६० मध्ये स्वीडनच्या एरिक ब्योर्कमान यांनी झाडात किरणोत्सारी साखर टोचली आणि ती थोड्या दिवसांत मोनोट्रोपात सापडली, तेव्हा कामिएन्स्कींचे म्हणणे पुराव्यानिशी उभे राहिले. ते जाऊन तोवर ४८ वर्षे झाली होती.

या व्यवहारात कवक मातीतून पाणी, नत्र, स्फुरद आणून देते आणि झाड पानात तयार झालेल्या साखरेचा वाटा मुळांतून पोहोचवते. बोलेट घराण्यातली बहुसंख्य मंडळी या साखरेवर जगतात. ओक, पाइन, देवदार, साल असे सोबती मिळाले तर बोलेट येतो, नाही मिळाले तर कितीही पाऊस पडो, येत नाही. उलटही खरे आहे. पोर्तो रिको बेटावर पाइनची रोपे वर्षानुवर्षे पिवळी पडून मरत होती. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या पाइनच्या जंगलातली माती आणून मुळाशी घातली, तेव्हा कुठे ती तरारली.

नारायणगावच्या द्राक्ष बागायतदाराला हे वाचून हसू येईल. मायकोरायझा हा शब्द त्याला पाठ आहे, कारण कृषी सेवा केंद्रात त्याची पाकिटे मिळतात. पण पाकिटातले कवक वेगळ्या जातकुळीचे. ते मुळाला बाहेरून मढवत नाही, थेट पेशींमध्ये शिरते आणि त्याला छत्री कधीच येत नाही. जगातल्या सुमारे ७० टक्के वनस्पतींचा संबंध याच प्रकाराशी आहे; बोलेटवाल्या, मूळ मढवणाऱ्या प्रकाराशी अवघ्या दोन टक्क्यांचा. (पाकिटांबद्दल जाता जाता : युरोप-ऑस्ट्रेलियात तपासलेल्या अशा बऱ्याच उत्पादनांतले कवक रोपाच्या मुळांत शिरलेच नाही. पैसे मोजण्याआधी दोन ओळी तेवढ्या मोकळ्या ठेवून तुलना करावी.)

घोडेगावच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. आहुपे-भीमाशंकरच्या रानात मुख्य झाडे कोणती? हिरडा, जांभूळ, अंजनी, पिसा, पारजांभूळ, आंबा. महादेव कोळी कुटुंबे ज्याचा बाळहिरडा वेचून वाळवतात, त्या हिरड्याच्या मुळांत कवक भरपूर आहे, पण ते छत्री न उभारणारे. सालाचे कुळ, म्हणजे होपिया, वॅटेरिया, डिप्टेरोकार्पस ही झाडे, सह्याद्रीत भरात येतात ती कर्नाटकात उतरल्यावर, उत्तर कन्नड जिल्ह्यापासून दक्षिणेला. केरळात बोलेटांची नोंद भरपूर आहे ती त्यामुळेच. आणि पूर्वेला बस्तरमध्ये सालाच्या बुंध्याशी पहिल्या पावसानंतर जमिनीतून जो ‘बोडा’ उकरून काढतात, तो गोल, बटाट्याएवढा दिसत असला तरी नात्याने बोलेटच्याच गणातला आहे. जुन्नरच्या माथ्यावर पाऊस आहे, सावली आहे, पालापाचोळा आहे. सोबती तेवढा नाही.

तरी ‘अजिबात नाही’ असे लिहायला मी धजणार नाही. ओढ्याकाठचा वाळुंज हा आपल्याकडचा विलो. त्याच्या घराण्याला मूळ मढवणारी कवके चालतात. दाट रानात चढणारी उंबळीची वेल नेटम या प्रजातीतली. तिच्या आफ्रिकी आणि आशियाई बहिणींच्या मुळांशी स्क्लेरोडर्मा हे बोलेटच्या गणातले गोळ्यासारखे कवक राहते. निलगिरीच्या लागवडीत तर हीच मंडळी ऑस्ट्रेलियातून झाडामागोमाग आलेली आहेत : निलगिरीखाली मातीतून वर आलेला, फोडल्यावर तपकिरी पूड उधळणारा ओबडधोबड गोळा दिसला, तर तो बहुधा पिसोलिथस. बोलेटचा नातेवाईक, पण टोपलीत घालण्यासारखा नव्हे.

आणि एक पठ्ठ्या असा, की ज्याला झाडाची अट फारशी नाही : फ्लेबोपस. हा दांडगा, काळपट तपकिरी, कधी ताटाएवढी टोपी होणारा बोलेट दक्षिण भारतात नोंदला गेला आहे. थायलंड आणि युन्नानमध्ये तो फणस, आंबा, कॉफी, लिंबूवर्गीय झाडांच्या बुडाशी येतो. त्याने मुळांवरच्या पिठ्या ढेकणाशी संधान बांधले आहे. कवक ढेकणाभोवती गाठ तयार करून त्याला आसरा देते, ढेकूण झाडाचा रस ओढतो आणि त्याच्या गोड स्रावावर कवक पोसले जाते. यजमान झाडाशिवाय व्यापारी तत्त्वावर पिकवलेला पहिला बोलेटही हाच. तेव्हा आंबेगावात बोलेट शोधायचाच असेल, तर देवराईआधी बांधावरच्या फणसाखाली नजर टाकावी.

‘झाडे एकमेकांशी कवकाच्या जाळ्यातून बोलतात’ हेही आता व्हॉट्सॲपपर्यंत पोहोचले आहे. १९९७ मध्ये सुझान सिमार्ड यांनी झाडाझाडांत कार्बनची देवाणघेवाण मोजली, ते काम चांगले होते. त्यावर उभारलेली आई-झाड आणि बाळ-झाडांची कहाणी मात्र पुराव्याच्या पुष्कळ पुढे धावली, असे २०२३ मध्ये याच क्षेत्रातल्या तीन संशोधकांनी बजावले. भीमाशंकरच्या ‘चमकणाऱ्या जंगला’चेही थोडेसे असेच. कुजक्या काटक्यांवरचे मायसिना कवक खरोखर हिरवट उजळते, पण फोटोतला लखलखाट कॅमेऱ्याने बराच वेळ प्रकाश साठवून घेतलेला असतो.

मोबाइलमधल्या ॲपवर विसंबून ओळख ठरवणाऱ्यांसाठी २०१४ ची एक गोष्ट. लंडनच्या क्यू उद्यानातल्या ब्रिन डेंटिंगर आणि लॉरा सुझ यांनी दुकानातून वाळवलेल्या पोर्चिनीचे एक पाकीट आणले आणि त्यातल्या १५ तुकड्यांचा डीएनए वाचला. निघाल्या तीन जाती, तिन्ही चीनमधल्या आणि तिघींनाही तोवर शास्त्रीय नावच नव्हते. लोक त्या शिजवून खातच होते. ॲप टोपीचा फोटो बघते; झाड कोणते, जाळी सुटते का, बीजाणूंचा रंग काय, हे ते विचारत नाही.

पुण्यात हे विचारणारे लोक आहेत. महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेने १९८० मध्ये नैर्ऋत्य भारतातल्या अळंबीवर साठे, देशपांडे, कुलकर्णी आणि डॅनियल यांचा ग्रंथ काढला. हीच संस्था आज आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. कवकशास्त्रज्ञ अजरेकरांच्या नावाचा कवकसंग्रह तिथे आहे.

बोलेटसारखे काही दिसले, तर दांडा मोडू नका. बुडाशी खुरपे घालून अख्खे काढा, प्लास्टिकऐवजी कागदात गुंडाळा आणि शेजारच्या झाडांची नावे लिहून ठेवा. टोपी रात्रभर पांढऱ्या कागदावर उपडी ठेवली, तर बीजाणूंचा ठसा मिळतो. बोलेटचा बहुधा तपकिरी किंवा शेवाळी. खायच्या बाबतीत चांदीचा चमचा, लसणाची पाकळी, ‘किड्याने खाल्ले म्हणजे चालते’ या सगळ्या परीक्षा निकामी आहेत. मूळ मढवणारी झाडे कमी, म्हणून जीवघेणी अळंबीही कमी, असा सोयीस्कर अर्थ कोणी काढू नये. लेपिओटा नावाच्या बारक्या पांढुरक्या छत्र्यांना झाडाचा सोबती लागत नाही, नुसता पाचोळा पुरतो आणि त्यांच्या काही जातींत यकृत निकामी करणारे विष असते. अळंबी खाल्ल्यावर उलट्या-जुलाब सहा तासांनी किंवा त्याहून उशिरा सुरू झाले, तर मध्येच बरे वाटले तरी थांबू नका. उरलेली भाजी आणि कच्चे तुकडे बरोबर घेऊन थेट मोठे रुग्णालय गाठा.